कोपऱ्यातला चौकोन

प्रिय बटण,

दोन मुलींच्या आईला, हॉस्पिटलात अख्खा वॉर्ड सांभाळणाऱ्या नर्सबाईंना बापानं अजून बटण म्हणू नये, असं तुझी आई मला शेवटपर्यंत बजावत होती. पण तिसऱ्या वर्षी तू माझ्या टेबलावरचं ओव्हरकोटाचं काळं बटण गिळलंस आणि दोन दिवस आम्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळवलंस, ते मी कसं विसरू? त्या कोटाला मी दुसरंच एक काळं बटण लावून दिलं, आणि गिऱ्हाइकाला ते आजतागायत कळलेलं नाही. हे एवढ्यासाठी सांगतो, की चूक झाकून वर इस्त्री फिरवायची माझी खोड जुनी आहे.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. तुझं म्हणजे तू सांगितलेलं आणि थोरलीनं लिहिलेलं. तिचं अक्षर छान झालंय, वेलांट्या जरा जास्तच झोकात काढते. तुला वेळ मिळत नाही म्हणून तिला लिहायला बसवलं, असं तू म्हणतेस. वॉर्डातून रेकॉर्डच्या खोलीत बदली मागून घेतलीस म्हणतेस. शिवणाचा डबा थोरलीला देऊन टाकलास, आता काय शिवायचं ते तिनंच शिवावं, असंही आहे. आणि मग गोधडीबद्दल चार ओळी. दुपारी पडलीस की ती अंगावर ओढतेस, कोपऱ्यातल्या शेवटच्या चौकोनावरून बोट फिरवतेस, आणि आईचा हात शेवटपर्यंत इतका स्थिर कसा राहिला याचं तुला नवल वाटतं. तसा हात सगळ्यांना लाभत नाही, असं तू लिहिलंस. त्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही. बटण, तो कोपऱ्यातला चौकोन तुझ्या आईनं शिवलेलाच नाही. तो मी शिवलाय. त्याच्या आधीच्या तेरा चौकोनांतही तिचा टाका उरलेला नाही, आणि तो मीच काढून टाकलाय. दोन वर्षं हे पोटात ठेवून मी तुझ्याशी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारतोय. आता सांगायलाच हवं. आताच का, ते शेवटी लिहितो, कारण मधलं सगळं वाचल्याशिवाय ते तुला पटायचं नाही.

बघ, सांगायचं ठरवलं आणि लगेच इकडची खबर लिहावीशी वाटतेय. बरं, तीही ऐक. दुकान सकाळी उघडतो, जेवणाला वर येतो, दुपारी पुन्हा उघडतो. नवे कोट आता शिवायला घेत नाही. पँटची उंची कमी कर, चेन बदल, कुणाचं पोट वाढलं तर कमर सैल कर, असली कामं. खिडकीपाशी तेच मशीन, तेच लाकडी स्टूल आणि स्टुलावर तीच जाड गादी. शेजारचा चप्पल-बूट शिवणारा रोज एकदा डोकावतो आणि म्हणतो, "मास्तर, आता पुरे करा, किती दिवस डोळे फोडणार?" तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. मी त्याला म्हणतो, तू आधी बंद कर, मग मी करतो. यावर तो निघून जातो. एवढीच खबर.

तुझी आई चौकोन कसा शिवायची ते तू लहानपणापासून पाहिलंस, पण तेव्हा तुझं लक्ष चिंध्यांची बाहुली करण्यात असायचं, म्हणून पुन्हा लिहितो. मधोमध चार बोटांचा एक लाल तुकडा. तो म्हणजे घरातला विस्तव, असं तिच्या आईनं तिला सांगितलेलं. मग त्या लाल तुकड्याला एका बाजूनं एक पट्टी जोडायची, मग चौकोन फिरवून दुसऱ्या बाजूनं, मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा लांब. असे तीन वेढे, बारा पट्ट्या. शेजारशेजारच्या दोन बाजूंना फिकी कापडं आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद, म्हणजे त्या विस्तवाचा अर्ध्या घरावर उजेड पडलाय आणि अर्ध्या घरात सावली आहे. सगळं कापड अंगावरून उतरलेलं. माझे पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, तिचे ब्लाउज, तुझा शाळेचा निळा फ्रॉक, तुझा नर्सिंगचा पहिला पांढरा एप्रन, ज्यावर आयोडीनचा डाग होता आणि तो डाग तिनं मुद्दाम समोर येईल असा कापला. तू शिकायला गेलीस त्या आठवड्यात तिनं पहिला चौकोन शिवला. बेचाळीस झाले की गोधडी पुरी होणार होती, आणि ती तुझी, हे तेव्हाच ठरलेलं.

मी त्याला चिंध्यांचा खेळ म्हणायचो. मी टेप लावून काम करणारा माणूस, आणि ती शिवणीला कापड सोडायची ते करंगळीच्या नखाएवढं. "अहो, तुमची टेप हरवते, माझं नख कुठं हरवणार?" म्हणायची. तिच्या दोऱ्याला गाठ नसे. गाठ अंगाला टोचते असं तिचं म्हणणं, म्हणून सुरुवातीला ती एकाच जागी दोन उलटे टाके घालून दोरा बसवायची. माझा दोरा गाठ मारल्याशिवाय सुरूच होत नाही. या गाठीवरून आम्ही चाळीस वर्षं भांडलो. तेव्हा ते भांडण वाटायचं, आता तसं भांडायला कुणी नाही. पण एक कबूल करतो, तिचा साधा धावदोरा माझ्यापेक्षा चांगला होता. कापडावर तांदळाचे दाणे ओळीनं मांडावेत तसा. मी हे तिला कधी तोंडावर सांगितलं नाही.

ती जायच्या आधी सहा वर्षांपासून तिचा हात थरथरत होता. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिलंय. सुरुवात चहाच्या कपानं झाली. बशीवर कप किणकिणायला लागला आणि मी म्हणालो, "अगं, थंडी वाजतेय का?" ती म्हणाली, हो. उन्हाचे दिवस होते. मग तिनं बशी घेणंच सोडलं, मग कप अर्धा भरायला लागली, मग दोन्ही हातांनी धरायला लागली. मला जे दिसत होतं ते न दिसल्यासारखं मी करत होतो आणि तीही मला ते करू देत होती. शेवटी सुईत दोरा ओवताना एकदा तिनं सुई टेबलावर आपटली आणि म्हणाली, "चला डॉक्टरांकडे, नाहीतर मी तुमच्या कात्रीनं बोटं तोडून घेईन." डॉक्टरांनी तिला हवेत रेघा मारायला लावल्या, कागदावर गोल काढायला लावले, दोन्ही हात मांडीवर ठेवायला लावले. हात मांडीवर ठेवले की स्वस्थ, काहीतरी करायला उचलले की थरथर. जिवाला धोका नाही म्हणाले, कंपवात म्हणतात तो मोठा आजार हा नव्हे म्हणाले. आणखीही एक गोष्ट म्हणाले, ती पुढे सांगतोच. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिनं मला अट घातली, "पोरीला सांगायचं नाही. ती तिथं दुसऱ्यांची दुखणी काढते, त्यात माझं नको." मी हो म्हणालो. मला तेव्हा तो शहाणपणा वाटला.

आणि मग धाकटी झाली. तू तिला घेऊन तीन आठवडे इथं राहिलीस, आणि त्या तीन आठवड्यांत आजीनं नातीला एकदाही उचललं नाही. तुझ्या मनात ते अजून आहे, मला माहीत आहे. निघताना रिक्षात बसल्यावर तू मला म्हणालीस, "बाबा, थोरलीला आईनं खाली ठेवलं नव्हतं. हिचं तिला काहीच कसं नाही?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो, वयाचं आणि गुडघ्यांचं. तुझ्या आईला धाकटीची भीती वाटत होती, बटण. आपल्या हातून पडेल याची. तू अंघोळीला गेलीस की ती पाळण्याच्या कडेला हनुवटी टेकवून बसायची, हात मांडीखाली दाबून, आणि तिच्याकडे बघत राहायची. तू दार उघडलंस की उठून स्वयंपाकघरात जायची. एकदा मी म्हटलं, मी खालून आधार देतो, तू घे. तिनं मान हलवली आणि डोळे पुसले, आणि ते पुसतानाही हात नीट जागेवर पोचेना. पुढे तू फोनवर विचारलंस, धाकटीचं लाल दुपटं तिकडेच राहिलं का, बघा. आम्ही घर पालथं घातलं, म्हणजे मी घातलं. ती म्हणाली, इथं नाही.

एवढं होऊनही शिवण तिनं सोडलं नाही. रोज दुपारी जेवणं झाली की वरच्या खिडकीपाशी टोपली घेऊन बसायची. ओवलेल्या सुया मी तिला सकाळीच तयार करून ठेवत असे, डझनभर, उशीला टोचून. एक चौकोन पूर्वी चार दिवसांत व्हायचा, आता महिना लागायचा. बोटांना टोचून टोचून चाळण झालेली. आणि टाके कसे? एक लांब, एक आखूड, एक खाली घसरलेला, मध्येच चार एकमेकांवर चढलेले. पट्टीची कड सरळ जायची तिथं नागमोडी. एकदा तिनं तसला एक चौकोन मला दाखवायला खाली आणला आणि काउंटरवर विसरून गेली. एक गिऱ्हाईक आलं, जुनं, माझ्याकडून तीन कोट शिवून घेतलेलं. त्यानं तो उचलून पाहिला आणि हसून विचारलं, "काय मास्तर, कुणी शिकाऊ ठेवलंय वाटतं?"

मी हो म्हणालो. माझ्या बायकोला मी शिकाऊ म्हणालो, बटण. तो गेल्यावर मी चौकोन घेतला, टाके उसवायचं टोकदार पातं घेतलं आणि बाराच्या बारा पट्ट्या सोडवल्या. तुकड्यांना इस्त्री केली, कडा सारख्या केल्या आणि पुन्हा शिवलं. मशीनवर नाही, हातानं, तिच्या जुन्या धावदोऱ्याची नक्कल करत. संध्याकाळी टोपलीत गुपचूप ठेवून दिला. मी स्वतःला सांगितलं, की तिला बरं वाटावं म्हणून केलं. ते थोडं खरं होतं. बाकी सगळी लाज होती. गोधडी तुझ्याकडे जाईल, तुझ्या सासरी चार बायका बघतील आणि म्हणतील, टेलरच्या घरचं काम हे? असले विचार माझ्या डोक्यात होते. मग दर महिन्याला तेच. ती चौकोन पुरा करायची, ती डुलकी घ्यायला आडवी झाली की मी तो खाली न्यायचो, उसवायचो, शिवायचो, परत ठेवायचो. तिचे उसवलेले दोरे केरात जायचे. असे तेरा.

तेराव्यानंतर ती दुकानात उतरली. जिना उतरायला तिला वेळ लागायचा, त्यामुळे ती येतेय हे मला कळत होतं, आणि ती का येतेय हेही कसं कोण जाणे कळलं. तिनं चौकोन माझ्यासमोर उलटा ठेवला आणि नखानं दाखवलं. गाठ. प्रत्येक पट्टीच्या सुरुवातीला माझी एकेक गाठ. टाक्यांची नक्कल मी केली, पण माझा हात गाठ मारल्याशिवाय राहिला नव्हता. "अहो, पहिल्यापासून माहीत होतं मला," ती म्हणाली. "म्हटलं, आज ना उद्या आपण होऊन सांगाल." मी काहीतरी बोलायला गेलो. ती म्हणाली, "हात हलतो ते मी रोज बघते. पोरीनं पाहिलं असतं तर काय बिघडणार होतं? तिच्यासाठी मी जे केलं ते तुम्ही केरात टाकलंत." आवाज चढवला नाही तिनं. एकदा तरी चढवायला हवा होता. मी कानाला हात लावून कबूल केलं, की पुन्हा तुझ्या टाक्याला हात लावणार नाही, मेलो तरी. ती म्हणाली, बघू.

त्यानंतर टोपली तिनं माझ्यासमोर उघडली नाही. सुया मात्र घ्यायची. दीडेक महिन्यानं एकदा मी दुकानात आलो तर माझ्या स्टुलाच्या गादीची एक कड नव्यानं शिवलेली. कापूस बाहेर येत होता म्हणून शिवली, म्हणाली. शिवण अशी वेडीवाकडी, की खिडकीतून रस्त्यावरच्या माणसालाही दिसावी. माझे हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण शब्द दिला होता. मी त्या कडेला बोट लावलं नाही, तशीच वापरत राहिलो. पुढच्या महिन्यात तिच्या हृदयानं दगा दिला. तू आलीस, सगळं आवरलंस, परत गेलीस. तू गेल्यावर मी टोपली उघडली तर एक्केचाळीस चौकोन. बेचाळिसावा नव्हता. मला वाटलं, माझ्या करणीनं तिचं मन उडालं आणि शेवटचा तिनं शिवलाच नाही. मग मीच तुकडे कापले, मीच शिवला, कोपऱ्यात लावला, अस्तर घातलं, गोधडी पुरी केली आणि तुला पाठवून दिली. फोनवर तू विचारलंस, "बाबा, आईनं शेवटचा शिवलेला कुठला?" मी म्हणालो, "कोपऱ्यातला." त्या दिवसापासून तू माझ्या टाक्यांवर हात ठेवून आईला आठवतेयस.

परवा तुझं पत्र वाचलं आणि मी खाली दुकानात येऊन बसलो. मला तुला तिचा खरा टाका पाठवायचा होता, थरथरणारा, एक तरी. आठवून पाहिलं तर सगळ्या घरात तसली एकच शिवण उरलेली, आणि मी तिच्यावरच बसलेलो. गादीची कड. ती शिवण तशीच्या तशी कापून तुला पाठवावी असं ठरवलं. तिला धक्का लागू नये म्हणून गादी उलट्या बाजूनं, माझ्या स्वतःच्या शिवणीवरून उसवली. आत हात घातला तर कापसाच्या मध्ये काहीतरी घडी केलेलं लागलं. बेचाळिसावा चौकोन होता तो. तिनं शिवला होता, बटण. माझ्यापासून लपवायला तिला जगात एकच जागा सापडली, जिथल्या टाक्याला हात न लावायचं मी कबूल केलं होतं. मी शब्द पाळतो की नाही ते बघायचं होतं तिला, आणि मी शहाण्यासारखा तो दोन वर्षं पाळत बसलो, त्याच्यावरच. मी हसलो आणि मग मला रडू आवरेना. बूटवाला डोकावला, त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाचं दार बाहेरून ओढून घेतलं.

तो चौकोन पार्सलमध्ये आहे, आधी तो बाहेर काढ आणि मग पुढचं वाच. मधला लाल तुकडा ओळखलास? धाकटीचं दुपटं आहे ते. ते हरवलं नव्हतं. जिला तिनं कधी उचललं नाही तिला तिनं विस्तवाच्या जागी बसवलं. पहिला वेढा तुझ्या एप्रनचा आणि माझ्या जुन्या कोटाच्या काळ्या अस्तराचा. टाके बघ. एकही दुसऱ्यासारखा नाही. तिसऱ्या पट्टीवर तपकिरी ठिपके दिसतील, ते तिच्या बोटाचं रक्त आहे, ते धुऊ नकोस. उलटा करून बघ, कुठंही गाठ नाही, प्रत्येक सुरुवातीला दोन उलटे टाके, एकावर एक बसायला हवेत ते शेजारी पडलेत, पण आहेत. बारावी पट्टी शिवायची राहिली, मी शब्द पाळतो असं पटलं की चौकोन बाहेर काढून ती शिवणार असेल. ती तिनं टाचण्यांनी लावून ठेवलीय आणि त्यात ओवलेली सुई तशीच आहे, मी ओवून दिलेल्यांपैकी. खरं सांगतो, चौकोन हातात आला तेव्हा माझा दुसरा हात आपोआप पात्याकडे गेला होता. मग मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, ती बसायची तसा.

आता का लिहितो ते. तुझं पत्र थोरलीच्या अक्षरात होतं, पण तळाशी सही तू केली होतीस. 'तुमची बटण'. त्यातल्या 'ण'ची उभी रेघ वरून खाली येईपर्यंत तीनदा हललीय. ती रेघ मी ओळखतो, सहा वर्षं मी ती दोऱ्यात बघितलीय. मग बाकीचंही माझ्या ध्यानात आलं, थोरलीला लिहायला बसवणं, सुया टोचायच्या वॉर्डातून कागदांच्या खोलीत जाणं, शिवणाचा डबा देऊन टाकणं. तू मला सांगितलं नाहीस, आईनं तुला सांगितलं नव्हतं तसंच, आणि मी सगळ्यांचं झाकणारा. डॉक्टरांनी तेव्हा दुसरी गोष्ट सांगितली होती ती ही, की हा कंप काही घराण्यांत आईकडून लेकीकडे येतो, लेकीला आधीच कल्पना देऊन ठेवा, म्हणजे ती उगाच घाबरणार नाही. आम्ही दिली नाही. तू डॉक्टरांकडे गेली असशील तर त्यांनी घरात कुणाला आहे का म्हणून विचारलं असेल, आणि तू नाही म्हणाली असशील. उद्याच जा आणि सांग, माझ्या आईला होता, सहा वर्षं होता, ती त्यानं गेली नाही. तिच्या तपासणीचे कागदही सोबत ठेवलेत. आणि आईचा हात स्थिर होता, आपलाच असा कसा, हे मनातून काढून टाक. तिचा हात तुझ्यासारखाच हलायचा आणि ती तसाच चालवायची. शिवणाचा डबा थोरलीकडून परत माग, हवं तर दोघींत एक ठेवा. बारावी पट्टी तू शीव, बटण, जशी येईल तशी, गाठ न मारता. मग गोधडीच्या कोपऱ्यातला माझा चौकोन उसवून काढ आणि त्या जागी हा बसव. त्यासाठी माझं पातं पार्सलमध्ये घातलंय, जपून काढ, त्याला धार आहे. ते परत पाठवू नकोस.

कोपरा रिकामा करून वाट बघणारा, तुझाच,

बाबा